मामांचा जुना पीसी: विंडोज ११ की लिनक्स मिंट?

राजारामपुरीतनं मामांचा फोन: "विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले म्हणं. आता काय करू रं?" पीसी सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी.

खर्चाचं बघू. विंडोज ११ चं अपग्रेड फुकट, पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे मामांना मदरबोर्डासकट बदल. लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. ते फुकट, आहे त्याच डब्यावर बसतं.

वेग? ४ जीबीत विंडोज ११ नावालाच. क्रोमचे चार टॅब उघडले की चहा पिऊन यावं. मिंट बरं पळतं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (जास्त वेगाची डिस्क) घातली तर फरक दोन्हीकडं पडतो, ते आधी करा.

मिंट मार खातं ते सॉफ्टवेअरात. हिशेबाचं टॅली त्यावर थेट चालत नाही, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळेलच असं नाही. पण न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. मामांनी बघितलं, प्रिंटरनं पहिलाच कागद नीट काढला.

टॅली लागत असेल तर नवा पीसी आणि विंडोज ११. यूट्यूब, मेल, लाइट बिल एवढंच असेल तर मिंट. मामांचा गुळाचा हिशेब अजून लाल वहीतच आहे.