हिवाळी अधिवेशनात निवेदन कोणाला द्यावं: उद्योगमंत्री, नियोजनमंत्री की पालकमंत्री?

डिसेंबर जवळ आला की नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजकांच्या बैठका सुरू होतात आणि शिष्टमंडळ कोणाकडे न्यायचं यावर चर्चा होते. बहुतेक वेळा सगळे उद्योगमंत्र्यांच्या नावावर येऊन थांबतात. माझं मत वेगळं आहे. मागणी भूखंडाची किंवा अनुदानाच्या थकबाकीची असेल तर उद्योगमंत्रीच बरोबर. पण ज्या कामाला अर्थसंकल्पात तरतूद लागते, त्याचं पहिलं निवेदन वित्त व नियोजन मंत्र्यांच्या हातात पडलं पाहिजे.

‘आर्थिक विकास’ असं एकच खातं सांभाळणारा मंत्री महाराष्ट्रात रूढ झाला नाही. १९६० पासून हे काम वेगवेगळ्या खात्यांत वाटलं गेलं आणि प्रत्येक खात्याची ताकद वेगळ्या साधनातून आली.

उद्योगमंत्र्यांची ताकद एमआयडीसीतून, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळातून आली. १९६१ चा कायदा, १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ, १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना, १९६६ मध्ये उद्योगांना भांडवल पुरवणारी सिकॉम. जमीन, सवलत आणि भांडवल अशी तिन्ही साधनं काही वर्षांत या खात्याच्या हाती आली. महामंडळाचं अध्यक्षपदही उद्योगमंत्र्यांकडेच असतं. म्हणून भूखंडाचे दर, हस्तांतरण शुल्क, बांधकामाची मुदतवाढ, वसाहतीतलं पाणी, अडकलेलं प्रोत्साहन अनुदान या विषयांत त्यांचा शेरा खरंच कामाचा ठरतो.

पण नागपुरात दोन मोठे विषय या खात्याच्या हाताबाहेर आहेत. पहिला मिहान, म्हणजे नागपूर विमानतळालगतचा मालवाहतूक केंद्र आणि विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प. तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आहे, ती २००२ ची, आणि तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री. मिहानमधल्या जमिनीची तक्रार उद्योगमंत्र्यांना दिली तर ती फक्त पुढे पाठवली जाते. दुसरा विजेचा दर. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ मध्ये वीजदरात सवलत मिळाली, तो शासन निर्णय ‘उद्योग, ऊर्जा व कामगार विभाग’ या नावाने निघाला. विभागाचं नाव एक, पण उद्योग आणि ऊर्जा ही खाती वेगवेगळ्या मंत्र्यांकडे. त्या वेळी उद्योग सुभाष देसाईंकडे होतं, ऊर्जा कामठीच्या चंद्रशेखर बावनकुळेंकडे. मूळ दर तर वीज नियामक आयोगच ठरवतो. शासनाच्या हाती अनुदान उरतं आणि त्या अनुदानाचा पैसा शेवटी वित्त विभागाकडूनच सुटतो.

आता नियोजन. या खात्याचं उद्घाटन नसतं, फीत नसते, म्हणून आपल्याकडे त्याची किंमत कळत नाही. पण विदर्भाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट, जन्मला तो निधीच्या वाटपातून. विदर्भाने मराठी राज्यात सामील व्हावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाट्याचा शब्द होता. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने हिशेब मांडला तेव्हा राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी निघाला आणि त्यातला ३९ टक्क्यांहून अधिक विदर्भाचा होता. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, तंत्रशिक्षण असे तिचे विषय होते. कारखाना उभा राहायला आधी हेच लागतं आणि यातलं काहीही उद्योग खात्याच्या तरतुदीतून होत नाही. शेषराव वानखेडे अर्थमंत्री होते, २०१४ ते २०१९ वित्त व नियोजन खातं चंद्रपूरच्या सुधीर मुनगंटीवारांकडे होतं, २०२३ चा अर्थसंकल्प देवेंद्र फडणवीसांनी मांडला. आपल्या भागाचा माणूस त्या खुर्चीत असताना तरी आपण भूखंडाच्या पलीकडचं मागायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पालकमंत्री जवळचे आणि भेटायला सोपे. ते जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात. या समितीला १९९८ च्या राज्य कायद्याचा आधार आहे. एक उदाहरण घ्या. वसाहतीच्या फाटकापासून गावाकडे जाणारा रस्ता उखडला आहे, रात्रपाळीच्या बाया अंधारातून चालत जातात. फाटकाच्या आतला रस्ता एमआयडीसीचा, बाहेरचा जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम विभागाचा. उद्योगमंत्री बाहेरच्या रस्त्याला हात लावत नाहीत. जिल्हा वार्षिक योजनेतून मात्र तो रस्ता आणि दिवे होऊ शकतात. अशा कामाला मुंबई गाठायची गरज नाही. पण काम मोठं असेल तर पालकमंत्र्यांनाही मर्यादा आहे. जिल्ह्याचा आराखडा ठरवून दिलेल्या रकमेच्या वर न्यायचा असेल तर ते स्वतःच राज्यस्तरीय बैठकीत नियोजनमंत्र्यांकडे वाढीव निधी मागतात.

वैधानिक विकास मंडळाचं, म्हणजे विभागांचा विकासातला असमतोल मोजणाऱ्या मंडळाचं नाव अजूनही बैठकीत निघतं. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळ अभ्यास करत असे, अनुशेष दाखवत असे. काम मंजूर करणं त्याच्या हाती नव्हतंच. तुमची मागणी यंदाची असेल तर त्यावर विसंबू नका.

ठरवताना एवढं पाहा. सगळ्या मागण्या एका कागदावर लिहून सगळ्या मंत्र्यांना त्याच प्रती वाटू नका. अशा निवेदनावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा येतो आणि कागद खात्याखात्यांत फिरतो. एका कागदावर एकच मागणी, शक्य असेल तर लेखाशीर्षासह, म्हणजे अर्थसंकल्पातल्या ज्या खर्चशीर्षातून पैसा यायचा त्याच्या क्रमांकासह. नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचे प्रस्ताव मांडले जातात, पण त्यांची तयारी आधीच झालेली असते. म्हणून वित्त व नियोजनाचं निवेदन नोव्हेंबरमध्येच द्या आणि डिसेंबरमध्ये फक्त पाठपुराव्याला भेटा. जानेवारी-फेब्रुवारीत जिल्हा आराखड्यांच्या बैठका असतात, त्याआधी त्याच कागदाची प्रत पालकमंत्र्यांना आणि जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना पोचवा. भूखंडाचं प्रकरण असेल तर आधी उद्योग भवनातल्या एमआयडीसी कार्यालयातून प्रकरणाची सद्यस्थिती लेखी घ्या आणि ती जोडूनच उद्योगमंत्र्यांना भेटा.