कॉलेज बास्केटबॉलचं सीझन तिकीट: १९ वर्षं वापरून झाल्यावर

पाचापैकी दोन तारे. त्यातला एक मॅचला वाजवणाऱ्या बँडचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

विद्यापीठाचं नाव घेत नाही, गावात रोज त्याच लोकांची तोंडं बघायची असतात. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं सरकारी विद्यापीठ, चहूकडे मक्याची शेतं आणि गावात सगळ्यात मोठी इमारत म्हणजे बास्केटबॉलचं अरीना. २००६ साली आम्ही पहिल्यांदा दोन खुर्च्यांचं सीझन तिकीट, म्हणजे सीझनभराच्या घरच्या मॅचचं एकगठ्ठा तिकीट, घेतलं. मी पुण्यात डेक्कनवर थोडंफार खेळलेला, बायकोला मात्र खेळात काडीचा रस नव्हता. पण इथला हिवाळा नोव्हेंबरात येऊन बसतो तो मार्चपर्यंत हलत नाही. घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. तिसऱ्या सीझनला तीच माझ्याहून जोरात रेफ्रींच्या नावानं ओरडायला लागली.

तेव्हा चांगल्या खुर्च्यांसाठी नंबर लावून थांबावं लागायचं. आमच्या डाव्या हाताला एक म्हातारे शेतकरी बसायचे. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. कोणाचे किती बास्केट, कोणाचे किती फाउल, सगळं वहीत. डोक्यावर भलामोठा स्कोअरबोर्ड असताना हे कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, तो बोर्ड घरी नेता येत नाही ना. पहिल्या वर्षी बाकावर बसून टॉवेल देणारा पोरगा चौथ्या वर्षी कॅप्टन कसा झाला, हे त्यांच्या वह्यांत पानोपानी सापडायचं. सीझन तिकिटात खरा माल हाच होता. जिंकणं-हरणं काय, टीव्हीवरही दिसतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी वही बंद केली. नावं पाठ होईपर्यंत पोरं निघून जातात, म्हणाले. खोटं नव्हे. पूर्वी खेळाडूनं कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायला लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट गेली, २०२४ मध्ये उरलीसुरलीही गेली. आता एप्रिल आला की आमची अर्धी टीम पोर्टलवर, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत. गेल्या सीझनच्या पहिल्या मॅचला मी मैदानावरच्या पाचांपैकी एकालाच ओळखत होतो, आणि तो जखमी होऊन तिसऱ्या मॅचपासून सूटबूट घालून बसला.

पोरांना पैसे मिळू नयेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, गैरसमज नको. मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा २०१० सालचा करारच १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलर्सचा होता. तेव्हा घाम गाळणाऱ्या पोरांना त्यातून शिष्यवृत्ती आणि जेवणखाण मिळायचं, बस. जुलै २०२१ पासून जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली आणि २०२५ च्या कोर्टाच्या तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी कमाल मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर्स, सगळे खेळ मिळून. झालं ते न्यायाचंच झालं. प्रश्न एवढाच की हे पैसे आणायचे कुठून, आणि आमच्याकडच्या तिकीट कचेरीनं त्याचं उत्तर शोधलं ते माझ्या खिशात.

आता सेवेबद्दल. तिकिटाच्या किमतीवर खुर्ची राखायची म्हणून वेगळी 'देणगी' द्यावी लागते. पूर्वी तिच्यातली ८० टक्के रक्कम करातून वजा व्हायची. २०१७ च्या कायद्यानं ती सवलत काढली, देणगी मात्र राहिली, उलट दोनदा वाढली. कागदी तिकीट बंद, सगळं फोनवर. आमच्या शेतकरीबुवांच्या फोनची घडी होते, तर दारावर दर वेळी त्यांची वरात निघते. शेवटी त्यांची तिकिटं मी माझ्या फोनवर घेतली.

वेळ टीव्हीवाले ठरवतात. मंगळवारी रात्री नऊला मॅच! संपायला सव्वाअकरा, बाहेर उणे बारा, आणि सकाळी कामावर. डिसेंबरात गंमत आणखी निराळी. विद्यार्थी सुटीवर, म्हणून एखाद्या छोट्या कॉलेजला ऐंशी-नव्वद हजार डॉलर्स देऊन हरायला बोलवायचं. ते बिचारे चाळिसानं हरतात, चेक घेतात, बसनं घरी जातात. आणि आमच्याकडून तिकिटाचे पैसे मोठ्या मॅचइतकेच.

मग तो काळा पडदा. दोन वर्षांपूर्वी वरचा मजला काळ्या कापडानं झाकून टाकला, कॅमेऱ्यात रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून. लग्नात जेवणाच्या हॉलचा अर्धा भाग कनातीनं बंद करतात ना, तसं. तरी निवेदक उत्तरार्धात थाटात आकडा वाचतोच. तो आकडा वाटलेल्या तिकिटांचा असतो, दारावर स्कॅन झालेल्यांचा नाही. फेब्रुवारीत एकदा मी आमच्या सेक्शनमधली माणसं मोजली. एक्केचाळीस. पॉपकॉर्नवाला धरून.

बँडला मात्र पैकीच्या पैकी. तीस-चाळीस पोरं, कोणाला दमडी मिळत नसावी, वीस गुणांनी मागे असतानाही ट्रॉम्बोनवाल्यांची कवायत चालूच. एकोणीस वर्षांत एकदाही त्यांनी उरकून टाकलेलं मी पाहिलं नाही.

घ्यावं का मग? सीझन तिकीट, नाही. दोन-तीन मोठ्या मॅच निवडा आणि सुरू व्हायच्या दोन तास आधी फोनवर तिकिटांचे भाव बघा. ज्या खुर्चीसाठी मी देणगी भरत होतो, तिच्या दोन रांगा पुढची खुर्ची मला तिथे पिझ्झ्याच्या भावात दिसली. त्या दिवशी बायकोनं जेवताना विषय काढला नाही, हे तिचे उपकार.

त्यापेक्षा त्याच अरीनात बायकांच्या टीमच्या मॅच बघा. आयोवा विद्यापीठात केटलिन क्लार्क ही स्टार खेळाडू होती तेव्हा तिथलं पंधरा हजारांचं अरीना २०२३-२४ चा अख्खा सीझन भरलेलं होतं. २०२४ ची त्या राष्ट्रीय स्पर्धेतली बायकांची फायनल सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. असं आधी कधीच झालं नव्हतं. आमच्याकडे क्लार्क नाही, पण तिकीट एक चतुर्थांश किमतीत, बँड तोच आणि दुपारी दोनची मॅच. यंदा नूतनीकरणाच्या मेलला उत्तर दिलं नाही. पुरुषांच्या दोन खुर्च्या सोडल्या आणि बायकांच्या चार घेतल्या, दोन आमच्या, दोन शेतकरीबुवा-आजींच्या. पहिल्या मॅचला बुवांच्या खिशात नवी वही होती. आमच्या पॉइंट गार्डचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पोरीचं, हे तिसरं वर्ष आहे.

खुर्ची निवडताना एक बघा: पडद्याच्या लगतच्या वरच्या रांगा घेऊ नका. मागे हीटर बंद ठेवतात, मानेवर गार वारा येतो.