डोमकावळ्याची रात्र

'द सिम्प्सन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा १९९० सालचा पहिला हॅलोविन भाग काल रात्री दिवे घालवून पुन्हा पाहिला. झपाटलेलं घर आणि परग्रहवासीयांची मेजवानी मजेदार आहेतच, पण माझा जीव अडकला तो तिसऱ्या गोष्टीत. एडगर ॲलन पोची १८४५ची 'द रेव्हन' ही कविता! अभिनेता जेम्स अर्ल जोन्सचा खर्जातला आवाज, खुर्चीत खचलेला बाप होमर, भिंतीवर त्याच्या बायकोची, मार्जची तसबीर आणि दारावर त्यांच्या पोराच्या, बार्टच्या तोंडाचा डोमकावळा. विनोद सुरू असतानाही अंगावर काटा आला. कवितेची लय त्यांनी किती मायेनं जपलीय! शेवटी झाडावरच्या घरात गोष्टी सांगणारी पोरं गाढ झोपतात, आणि चोरून ऐकणारा बाप मात्र टक्क जागा. तेवढ्यासाठी मी हा भाग दरवर्षी लावते.