मंगळावरचा बर्फ वाहता करायचा तर: पिझम की एल्मर-आइस?

मंगळाच्या हिमनद्यांवर एम.एस्सी.चा प्रकल्प घ्यायचा म्हटलं की गाडी या प्रश्नापाशी अडते: बर्फाच्या वाहण्याचं गणित करणाऱ्या पिझम आणि एल्मर-आइस या दोन संगणक-प्रणालींपैकी कोणती घ्यायची? दोन्ही फुकट, दोन्ही लिनक्सवर चालतात. त्यात वेळ घालवत नाही. मी दोन्ही परभणीत घरच्या डेस्कटॉपवर चालवल्या आहेत. मोठं क्लस्टर हाताशी असलेल्यांचं मत वेगळं असू शकेल.

आधी थोडं गणित. मंगळाचं गुरुत्वाकर्षण ३.७१ मीटर प्रति सेकंद वर्ग, पृथ्वीचं ९.८१. जाडी आणि उतार तेच ठेवून ग्लेनच्या नियमात (ताणानुसार बर्फ किती वेगानं वाहतो ते सांगणाऱ्या) घातांक ३ धरला, तर तेवढ्यानंच वेग अठराव्या हिश्श्यावर येतो. त्यात तापमान २१० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे १० अंशांच्या बर्फापेक्षा बर्फ सुमारे हजारपट ताठर. पृथ्वीवर वर्षभरात जेवढं सरकणं, त्याला तिथे अठरा हजार वर्षं! त्यामुळे आपले रन, म्हणजे मॉडेलच्या फेऱ्या, लाखो वर्षांचे असतात.

कागदावर एल्मर-आइस सरस, यात वाद नाही. ती संपूर्ण स्टोक्स समीकरणं सोडवते, म्हणजे बर्फातले सगळ्या दिशांचे ताण हिशेबात घेते. उभ्या कड्याखाली किंवा अरुंद दरीत, जिथे बर्फ बाजूंनीही ओढला जातो, तिथे तिचं उत्तर जास्त विश्वासाचं. अलास्का विद्यापीठात वाढलेली पिझम उथळ बर्फाचं गृहीतक (पसाऱ्याच्या मानानं जाडी फारच कमी) धरते. पण मंगळावरचा बर्फ तळाशी बहुधा गोठलेलाच, घसरण जवळपास नाही, त्यामुळे हिमनद्यांच्या पसरट जिभांसाठी ते गृहीतक बऱ्यापैकी निभतं.

माझं घोडं अडलं ते बर्फाच्या कडेवर. एल्मर-आइसमध्ये मेशची (गणितासाठी बर्फाची केलेली जाळी) जाडी शून्य होऊ देता येत नाही. जिथे बर्फ नाही तिथेही, अंगण सारवल्यासारखा, बर्फाचा पातळ थर ठेवावा लागतो. जीभ पुढे सरकली की त्या थरावरचे नोड (जाळीचे सांधे) कधी वर उचलले जातात, कधी उलटे होतात, आणि रन कोसळतो. थर जाड केला तर कड कुठे आहे हेच कळेनासं होतं. पृथ्वीवर हे खपून जातं, कारण तिथे वेग मोजलेले असतात. मंगळावरच्या ड्यूटेरोनिलस मेन्से या प्रदेशातल्या जिभांचा वेग कुणी मोजलेला नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरच्या शराद रडारनं आतला बर्फ दाखवला, मोला उंचीमापीनं पृष्ठभाग दिला. पडताळायला आपल्याकडे आहे ती जिभेची ठेवण आणि तिची कड. तीच धूसर झाली तर मॉडेल कशाशी ताडून बघणार? पिझमच्या चौकोनी ग्रिडमध्ये बर्फ संपला की घर रिकामं, विषय संपला.

पिझमचेही नखरे आहेत. गुरुत्वाकर्षण, भूगर्भीय उष्णता, सगळं पृथ्वीचं भरलेलं असतं. किमान तापमानाची मर्यादा २०० केल्विन. ध्रुवीय टोपीकडे गेलात तर ती आधी खाली आणा. एल्मर-आइसमध्ये प्रत्येक आकडा स्वतः लिहावा लागतो, म्हणून काही लपून राहत नाही, हा तिचा मोठा गुण. पण कमी ताणाखाली घातांक १.८ पर्यंत उतरतो, ते दाखवणारा गोल्ड्सबी-कोलस्टेट नियम पिझममध्ये तयार मिळतो. शिवाय ती ठराविक वेळानं स्वतःच अवस्था फाईलमध्ये लिहून ठेवते. मे महिन्यात वीज गेली की हे फार कामाला येतं.

तुमची दरी अरुंद असेल तर एल्मर-आइसच घ्या, मी आड येणार नाही. मी स्वतः तिच्यात फक्त कड्याखालचा एक उभा छेद, तोही स्थिर पृष्ठभागावर, सोडवून बघतो. बाकी सगळं पिझमवर.