लेव्होडोपा-कार्बिडोपा: गोळी उत्तम, पण कळण्याच्या भाकरीसोबत नको

कंपवातात (पार्किन्सनमध्ये) मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. औषध १९६० च्या दशकापासूनचं आहे, तरी ताठरपणा आणि मंदावलेली हालचाल सुधारण्यात याच्यापेक्षा सरस गोळी आजही नाही. गुण येत नाही अशी तक्रार असेल, तर आधी ती कशी घेतली जाते ते पाहावं.

सर्वांत आधी पाकिटावरचा आकडा. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊ न देणं, हे कार्बिडोपाचं काम; बाहेर झालेल्या डोपामिननेच मळमळतं. त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. ११० ची गोळी तीनदा घेतली तर पोटात जातं ३०, १२५ ची घेतली तर ७५. मळमळ होऊन ‘गोळी सोसत नाही’ म्हणणाऱ्यांनी डॉक्टरांना हा हिशेब जरूर विचारावा. आणि मेडिकलवाला ‘दोन्ही एकच’ म्हणून बदलून देत असेल तर घेऊ नका.

मळमळीवर मग गॅसची कॅप्सूल आणली जाते, आणि खरा घोटाळा इथे होतो. तिच्यात लेव्होसल्पिराइड असेल, किंवा उलटीच्या गोळीत मेटोक्लोप्रमाइड, तर ते मेंदूत डोपामिनचीच वाट अडवतं. कंपवात नसलेल्या माणसालाही या औषधांनी कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. पाकिटामागचे घटक वाचल्याशिवाय अशी गोळी घरात आणूच नये.

आता जेवण. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि मेंदूच्या दारातून एकाच वाटेने जातात. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, वरण-बट्टीत तुरीची डाळ. त्यांच्यासोबत घेतलेली गोळी उशिरा लागते, कधी लागतच नाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दीड तासाने घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर अर्धं केळं खावं, त्यात प्रथिनं नगण्य. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवावी. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण चूर्णात किती ते ठरलेलं नसतं. गोळीवर ते चढवलं की अंग आपोआप वळवळू लागू शकतं.

सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये, सगळा डोस एकदम सुटतो.

‘आत्ताच सुरू केली तर पुढे काम करणार नाही’ ही भीती फार खोल रुजली आहे. २०१९ च्या चाचणीत ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना गोळी ४० आठवडे आधी दिली गेली. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे ती पेशींचं मरण थांबवत नाही, वाढवतही नाही. पुढे गोळीचा असर लवकर ओसरतो, कारण डोपामिन साठवून ठेवणारी पेशींची टोकं कमी झालेली असतात. २०२५ मध्ये मूळपेशींपासून (स्टेम सेल) वाढवलेल्या पेशी मेंदूत रोवण्याचे निकाल आले, पण एका चाचणीत १२ रुग्ण होते, दुसरीत सातच. जाहिरात करून टोचल्या जाणाऱ्या ‘स्टेम सेल’ म्हणजे ते नव्हे.

मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं की उठताना रक्तदाब घसरतो. गोळीनेही तो उतरतो, म्हणून खाटेवर मिनिटभर बसून मग उभं राहावं. गोळी अचानक बंद पडली तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुव्यासारख्या डोंगराळ भागातल्या पाड्यांवर राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या आणून ठेवाव्यात.