पेटीत अकरा कॉक, भिंतीत सहाच लाइनी

घरातल्या पाण्याच्या पाइपच्या कामात आम्ही कसे फसलो, हे लिहायला मला उशीर झाला आहे. दिवाळीनंतर लगेच लिहिलं असतं तर निदान एका घराचे पैसे वाचले असते, असं आता वाटतं.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. जुनं, चिऱ्याचं, वडिलांच्या वेळचं. मी कामाला वेर्ण्याला आणि राहतो वास्कोला. घरी आई आणि धाकटे काका. जुन्या जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी लाइनी आतून गंजून पार चोंदल्या होत्या, म्हणून गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आत घरातलं सगळं पाण्याचं काम नव्याने करायचं ठरवलं. ओळखीतून एक कंत्राटदार आला. नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. तरुण, बोलायला मऊ, मोबाइलवर व्हिडिओ दाखवणारा. त्यानेच पहिल्यांदा मॅनिफोल्डची गोष्ट काढली.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नेहमीच्या पद्धतीत टाकीतून एक जाड लाइन खाली येते आणि वाटेत टी मारत मारत तिला फांद्या फुटतात. प्रत्येक टी, प्रत्येक एल्बो म्हणजे एक सांधा, आणि हे सगळे सांधे गिलाव्याच्या आत. मॅनिफोल्डमध्ये जाड लाइन एका पेटीत येऊन संपते. तिथे पितळेची एक आडवी नळी असते, तिच्यावर ओळीने कॉक, आणि प्रत्येक कॉकपासून एकेका नळापर्यंत स्वतंत्र, अखंड पाइप. ही पाइप पेक्सची म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिनची, वेटोळ्यात मिळणारी, वाकणारी. त्यामुळे भिंतीत एकही सांधा नाही. बेसिनचा नळ बदलायचा तर फक्त बेसिनचा कॉक बंद करायचा, बाकी घर चालू. पद्धत खरोखर चांगली आहे, आणि हे मी आजही म्हणतो. फसवणूक पद्धतीने केली नाही, माणसाने केली.

त्याने आकडा सांगितला एक लाख बेचाळीस हजार. साध्या पद्धतीने पंच्याऐंशी हजारांत झालं असतं, हेही त्यानेच सांगितलं. वरचे सत्तावन्न हजार का, तर "पाइप खूप लागते, दादा, प्रत्येक नळाला वेगळी." हे खरंच आहे. मॅनिफोल्डमध्ये पैसा जातो तो पाइपमध्ये, आणि पैसा चोरायची जागाही तीच, हे मला तेव्हा सुचलं नाही. कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं: "मॅनिफोल्ड सिस्टीम कंप्लीट, मटेरियल अँड लेबर". एवढंच. किती मीटर पाइप, कुठल्या कंपनीची, किती एमएमची, किती लाइनी, काही नाही. मी वाचलं आणि हो म्हटलं.

मी घरी जायचो ते रविवारी. काकांनी एकदा फोनवर विचारलं, "बाबा, त्याने पाइपचं एकच वेटोळं आणलंय, पन्नास मीटरचं. एवढ्या नळांना पुरेल?" मी म्हटलं, अजून आणेल. पुढच्या रविवारी गेलो तर झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खोदलेल्या चरी, बुजवून गिलावा झाला होता. "तुम्ही रविवारी येणार, तोवर माझी माणसं बसून राहणार काय?" असं तो म्हणाला, आणि मला ते पटलं. दाब लावून तपासणी केली का विचारलं, तर केली म्हणाला. कोणी पाहिली? कोणीच नाही. आई तेव्हा देवळात होती.

कोठीच्या भिंतीत पेटी मात्र दृष्ट लागण्यासारखी. अकरा कॉक, नऊ निळे, दोन लाल, प्रत्येकाखाली चिकटवलेली नावाची पट्टी: स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन, मागची मोरी, पुढच्या न्हाणीघराचं बेसिन, शॉवर, कमोड, तसंच मागच्याचं. त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. स्वयंपाकघराचा कॉक बंद केला, सिंकचा नळ थांबला. मशीनचा बंद केला, मशीनचा थांबला. पुढच्या बेसिनचा बंद केला, बेसिन थांबलं. "कांयच भिवपाचें ना," म्हणाला, म्हणजे काही घाबरायचं नाही. मी उरलेले पैसे त्याच दिवशी दिले, रोख.

त्याने कुठले तीन कॉक दाखवले ते लक्षात ठेवा.

पहिली खूण आईला कळली होती. मागच्या न्हाणीघरात गरम पाणी यायला फार वेळ लागायचा. ती तांब्याने मोजायची: "सहा तांबे गार पाणी टाकते रोज, मग ऊन येतं." मी म्हटलं, गिझर लांब आहे. आता हिशेब करून पाहा. सोळा एमएमची पेक्स पाइप आतून बारा एमएम असते. तिच्या एका मीटरात जेमतेम 113 मिलिलिटर पाणी मावतं. गिझरपासून त्या न्हाणीघरापर्यंत दहा मीटर. म्हणजे एक लिटरच्या थोडं वर, एक तांब्या गार पाणी गेलं की ऊन यायला हवं. सहा तांबे जातात याचा अर्थ आत पाइप जाड आहे आणि वळसा घेऊन येते आहे. स्वतंत्र लाइन तिथे नाही. आईने अचूक मोजून माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते ऐकून सोडून दिलं, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

जुलैत गणपतीच्या खोलीच्या भिंतीला ओल दिसली. त्याला फोन केला. "दादा, गोव्यात पावसात ओल नाही तर काय येणार?" आणि खरंच, आपल्याकडे जून ते सप्टेंबर कुठलीही ओल पावसाच्या नावावर खपते. चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि भलत्याच ठिकाणी बाहेर टाकतो. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची आरास) बांधली तेव्हा मागच्या भिंतीचा रंग पापुद्रे धरून सुटत होता. आईने तिथे पडदा लावला. पाव्हण्यांसमोर तिला लाज वाटत होती, ती काही बोलली नाही, पण मला दिसत होतं.

दसरा गेला, दिवाळी आली, ऊन कडक पडलं, तरी भिंत ओलीच. तेव्हा काकांनी साधी गोष्ट केली. रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण केली आणि टाकीत येणारं पाणीही बंद ठेवलं. सकाळी पाणी चार बोटं खाली.

मग साखळीचे एक जुने प्लंबर आणले. साठीच्या पुढचे, फारसं न बोलणारे. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. आधी घरातले सगळे नळ, दोन्ही शॉवर उघडून ठेवायला सांगितले आणि पेटीतला एकेक कॉक बंद करत गेले. काका घरभर फिरून काय थांबलं ते ओरडून सांगत होते. मागच्या शॉवरचा कॉक बंद केला, शॉवर चालूच. कमोडचा बंद केला, टाकी भरतेच आहे. बेसिनचा बंद केला आणि तिन्ही एकदम थांबले. पुढच्या न्हाणीघरातही तेच. लाल दोनपैकी एक मेलेला, दुसरा बंद केला की दोन्हीकडचं गरम पाणी बंद. अर्ध्या तासात त्यांनी सांगितलं, "अकरापैकी पाच कॉक खोटे आहेत. घर सहांवर चालतंय."

दुसऱ्या दिवशी पेटीखालचा गिलावा फोडला. पाच पाइपा भिंतीत हातभर खाली जाऊन संपत होत्या, तोंडाला टोप्या बसवलेल्या. त्या फक्त पेटीत दिसाव्यात म्हणून होत्या. न्हाणीघरांकडे जाणाऱ्या तीन लाइनींना थोड्याच अंतरावर कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा सांधा, मारून पुढे सीपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकची पाइप, जोडली होती, तीही कसलाही छाप नसलेली, आणि पुढे तेच टी, तेच एल्बो. म्हणजे जुनीच पद्धत, तोंडाला मॅनिफोल्ड लावलेला. गळती त्यातल्याच एका कपलरला होती. पेक्सच्या सांध्यावर धातूची रिंग बसवून खास पकडीने दाबतात, ती नीट दाबली गेली की नाही हे तपासायला गेज येतो. इथे त्याऐवजी गाडीच्या होजला लावतात तसली स्क्रूची क्लिप आवळलेली होती. भिंतीच्या आत. मी तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

मी टेप घेऊन बसलो आणि अकरा लाइनी खऱ्या टाकल्या असत्या तर किती लागल्या असत्या ते मोजलं: 116 मीटर. त्याने अकरा लाइनींचे पैसे घेतले होते आणि आणलं होतं पन्नास मीटरचं एक वेटोळं. काकांचा प्रश्न हाच होता.

आणखी दोन गोष्टी त्या प्लंबरांनी दाखवल्या. गच्चीवर टाकीपासून खाली येणारा पेक्सचा तुकडा उघड्या उन्हात होता. पेक्सला ऊन सोसत नाही, अतिनील किरणांनी ती ठिसूळ होत जाते. बाहेरून न्यायची तर झाकून न्यावी लागते. आणि दुसरी गोष्ट दाबाची. जिथे नळाला मुळातच जोर असतो तिथे बारीक पाइप चालते. आपली घरं टाकीवर चालतात. दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ शॉवरच्या अडीच मीटर वर, म्हणजे जेमतेम पाव किलो. तेवढ्यावर सोळा एमएमच्या पाइपमधून शॉवरला धार मिळणार नाही. शॉवरला वीस एमएम घ्या, टाकीपासून पेटीपर्यंतची लाइन बत्तीस एमएम घ्या, किंवा प्रेशर पंप बसवा, असं ते म्हणाले. "सगळीकडे सारखं प्रेशर येईल" असं सांगणाऱ्या आमच्या माणसाने हा विषय कधी काढलाच नव्हता.

त्यांच्याकडूनच सगळं नव्याने करून घेतलं. अडुसष्ट हजार आणि टाइल्स वेगळ्या. या वेळी मी पाच दिवस रजा घेतली. झिरी उघडी असताना प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले. पाइपवरचा छाप मीटरमागून मीटर वाचला. सीपीव्हीसी घेणार असाल तर तिच्यावर आयएस 15778 आणि आयएसआयची खूण हवी, तिच्यासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये घालून खरा की खोटा ते पाहता येतं. पेक्सवर बहुधा आयएसओ 15875 छापलेलं असतं. मग हातपंपाने लाइनीत दहा किलो दाब भरला आणि काटा जागचा हलतो का ते पाहत आई, काका आणि मी तासभर तिथेच बसलो. त्यानंतरच गिलावा. आणि शेवटी सगळे नळ उघडे ठेवून एकेक कॉक बंद केला, अकराच्या अकरा. काय थांबतं ते पाहायचंच, पण काय चालू राहतं तेही पाहायचं. आमच्याकडे तेवढंच राहून गेलं होतं.

त्या कंत्राटदाराने आधी फोन उचलला, "माणसांनी चूक केली असेल" म्हणाला, मग उचलणं बंद केलं. नोटीस पाठवली, उत्तर नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर बोललो आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. नुकसान घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती द्यावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अडचण पुराव्याची आहे. शेवटचा हप्ता रोख, बिल नाही, कोटेशनमध्ये "कंप्लीट" हा एक शब्द. सुदैवाने पहिले दोन हप्ते बँकेतून गेले होते, आणि भिंत फोडताना प्लंबरांनी मला आधी व्हिडिओ घ्यायला लावला. टोप्या लावलेल्या पाच पाइपा आणि ती क्लिप मी पिशवीत तारीख घालून ठेवली आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्तीच्या घाईत काढलेला माल फेकू नका.

गेल्या आठवड्यात कळलं की त्याच माणसाने मयेच्या बाजूला एका घरात असंच काम केलं आहे, दिवाळी उलटून गेल्यावर. काका आणि मी गेलो. घरात एकट्या आजी होत्या, मुलगा बोटीवर. त्यांनी कौतुकाने कोठीतली पेटी उघडून दाखवली. तीच पेटी, त्याच पट्ट्या. मी त्यांना शॉवर सोडायला सांगितला आणि पट्टी वाचून शॉवरचा कॉक बंद केला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येतच राहिला.