कॅसेट की एम्युलेटर?

जुने गेम खेळायचे तर वाटा दोन: मूळ कन्सोल आणि कॅसेट जमवा, नाहीतर कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाका.

सोयीत एम्युलेटरला तोड नाही. हवं तिथे गेम सेव्ह करा, मेलात तर दोन सेकंद मागे जा. (काही जण याला चीटिंग म्हणतात, म्हणोत बापडे.) कॅसेटचं दुखणं वेगळंच. बऱ्याच कॅसेटींत सेव्ह सांभाळायला बटणाएवढा सेल असतो. तो संपला की सगळी प्रगती गायब. नवा बसवायचा तर सोल्डरिंग यायला हवं. आणि पिनांवर फुंकर मारू नका, ओलाव्याने त्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापूस फिरवा.

खरी गंमत चित्रात आहे. १९९१ च्या 'सॉनिक' या गेममधला धबधबा प्रत्यक्षात नुसत्या उभ्या पट्ट्या आहेत. त्याचा कन्सोल मेगा ड्राइव्ह कंपोझिट (पिवळ्या पिनेच्या) केबलने जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या नळीच्या, टीव्हीला जोडला की त्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. एम्युलेटर त्याच पट्ट्या काटेकोर दाखवतो. फिल्टर लावून नक्कल होते, बऱ्यापैकी.

'डक हंट' या बदकं टिपायच्या गेमच्या मूळ बंदुकीला मात्र सीआरटीच लागतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला सेन्सर तो टिपतो. एलसीडीवर ही वेळ जुळतच नाही.

पैशाचं तर विचारूच नका. त्यात बनावट कॅसेटी पुष्कळ. उघडून आतला बोर्ड बघितल्याशिवाय महागडी घेऊ नये.

मी लांबलचक आरपीजी (पात्र होऊन खेळायचे कथेचे गेम) एम्युलेटरवर खेळतो, नेमबाजी आणि उड्यांचे गेम टीव्हीवर.